दोनास दोन, तहकूब

त्या दाराआड काय होतं, हे कित्येक वर्षं फक्त मला माहीत होतं. यात मिरवण्यासारखं काही नाही. ज्यांनी उघडावं म्हणून मी ते दार रचलं, त्यांनी ते उघडलंच नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो. या वयात माणसाला कशाचा राग यावा याला काही धरबंध असावा, असं माझे यजमान म्हणतात. त्यांचं बरोबर असेल. पण ते तिथे नव्हते.

आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मी नववीत असताना माझा मावसभाऊ परदेशातून सुट्टीला आला आणि परत जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फाशांची पिशवी आमच्या घरी विसरून गेला. विसरून म्हणा किंवा टाकून. चार बाजूंचा फासा, आठ बाजूंचा, आणि एक निळा, वीस बाजूंचा. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. मी म्हणणार, समोर नदी आहे, पूर आलाय. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. पोहतो म्हणालात तर फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर पैलतीर, लहान पडला तर गटांगळ्या. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणायचो, आणि मास्तर मी होते, कारण पुस्तक माझ्या घरात होतं आणि ते डिक्शनरी घेऊन वाचण्याइतका चिकटपणा दुसऱ्या कुणात नव्हता. मास्तरचा शब्द अखेरचा, असं पहिल्याच प्रकरणात स्वच्छ छापलं होतं. मी त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती. काडीचा उपयोग झाला नाही.

खेळायला तिघं यायची. एक खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण. एक समोरच्या ब्लॉकमधला मुलगा, ज्याला अख्खी कॉलनी वकील म्हणायची, कारण त्याला सकाळी गुड मॉर्निंग म्हटलं तरी तो घड्याळ बघायचा. आणि एक मांजरी गावचा. त्याच्या घरी ऊस होता, जमीन होती, पण शाळेसाठी त्याला खडकीला मामाकडे ठेवला होता. रविवारी खेळ संपला की तो गावी जायचा आणि सोमवारी येताना आमच्यासाठी ऊस आणायचा, आणि दर रविवारी खेळात जो समोर येईल त्याला मारायचा.

“मी मारतो त्याला.”

“अरे, तो दुकानदार आहे. तुम्हाला दोरी विकतोय.”

“आसंना. दोरी फुकटात भेटंल की. काय हाय त्यात?”

मैत्रिणीचं नेमकं उलटं. तिला लढाईत रस नव्हता. ती गोष्टीतल्या प्रत्येक माणसाशी बोलायची. धर्मशाळेतल्या म्हातारीला गुडघे कसे आहेत विचारायची, पहारेकऱ्याला मुलंबाळं किती, विहिरीवरच्या बाईला इतक्या लांबून पाणी का नेता. मी या माणसांचा काहीच विचार केलेला नसायचा. तिनं विचारलं की मला जागच्या जागी त्यांची मुलंबाळं आणि दुखणी तयार करावी लागायची, आणि खरं सांगते, त्यासारखा आनंद मला पुढे कशातच मिळाला नाही. वकील तेवढ्यात जांभई द्यायचा. “हिचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम झाला की सांगा,” म्हणायचा.

खेळायची जागा म्हणजे आमची बाहेरची खोली, वेळ रविवारची दुपार. मध्ये कॅरम बोर्ड. तो घेतला, कारण फासे सारखे पलंगाखाली जायचे आणि बोर्डाची चौकट त्यांना अडवायची. आतल्या खोलीत बाबा झोपलेले असायचे. शनिवारची रात्रपाळी करून यायचे ते, त्यामुळे आवाज करायची सोय नव्हती. आमची सगळी भांडणं कुजबुजत झाली. चौघं जण बोर्डावर वाकून, दात-ओठ खात, एकमेकांवर कुजबुजतायत, असं ते दृश्य होतं. आई चहा ठेवायला आली की म्हणायची, “आज खेळणार आहात की नुसतीच सभा?”

सभाच होती ती. वकिलाचे वडील कॉलनीच्या गणेशमंडळाचे सेक्रेटरी होते. मंडळाच्या बैठकीत कुठलाही विषय हात वर करून ठरायचा, आणि दोन्हीकडे सारखे हात आले तर अध्यक्ष म्हणायचे, विषय तहकूब, पुढच्या बैठकीत घेऊ. वकील हे लहानपणापासून बघत आला होता. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी काहीतरी निकाल दिला, तर यानं शांतपणे विचारलं, “हे कुणी ठरवलं?”

“मी. मास्तरचा शब्द अखेरचा. पुस्तकात आहे.”

“पुस्तक बाहेरचं आहे. आपल्याकडे लोकशाही आहे.”

त्यानं हात वर केला, मांजरीकरानं केला, आणि हसत हसत मैत्रिणीनंही केला. हात वर करायला आवाज होत नाही, बाबा उठत नाहीत, हेही मला त्या वेळी सोयीचं वाटलं. तेव्हापासून वाद झाला की मतदान, मास्तरलाही एकच मत, आणि सारखी मतं पडली की विषय पुढच्या रविवारी. आम्ही चौघं होतो. मैत्रीण आणि मी एका बाजूला, ते दोघं दुसऱ्या. म्हणजे बहुतेक वेळा दोनास दोन. कुठलाही शहाणा माणूस सांगेल की यातून गाडी हलणार नाही. आमच्यात शहाणं कुणी नव्हतं.

नावाड्याचं उदाहरण देते, कारण ते पुढे लागणार आहे. नदीवर एक नावाडी होता. पैलतीरी न्यायचं त्यानं भरमसाठ भाडं सांगितलं. मैत्रीण त्याच्याशी बोलायला लागली, त्याची होडी कुणी बांधली ते विचारायला लागली, आणि मी सांगत होते की त्याच्या आज्यानं बांधली, तेवढ्यात मांजरीकर म्हणाला, “मी तलवार घातली.” फासा टाकला, अठरा.

“मी बोलत होते ना त्याच्याशी!” मैत्रीण कुजबुजली, पण तिचे डोळे भरले होते. “बोलणं चालू असताना कसं मारता येईल?”

वकिलानं मुद्दा मांडला की बोलणं चालू असताना मारू नये असा नियम कुठेही नाही. मी म्हटलं की आधी तिची कृती पूर्ण होणार, मग याची. मतदान झालं. दोनास दोन. विषय तहकूब. तोवर काय, तर होडी आम्हीच वल्हवत न्यायची आणि नावाड्याला काठावर ठेवायचं, ना जिता ना मेला. पुढच्या रविवारी तो विषय निघायच्या आत दुसरा वाद उभा राहिला, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. नावाडी तसाच राहिला.

असे रविवारच्या रविवार जायचे. मी आठवडाभर गणिताच्या तासाला गोष्टीचा पुढचा भाग रचायचे, आणि त्यातला पाव भागसुद्धा सांगून व्हायचा नाही. कधी वकिलाला त्याच्या ढालीचं वजन मान्य नसायचं. कधी मांजरीकर म्हणायचा, घोड्यावर बसून उडी मारली तर दुप्पट लांब गेली पाहिजे. मी आधी समजावून बघितलं, मग रुसून बघितलं, मग एकदा फासे लपवून ठेवले. मग वकिलालाच म्हटलं, तू हो मास्तर, घे. तो म्हणाला, “छे, मला गोष्टी कुठे सुचतात?” हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं की मला पुढे काही बोलताच येईना.

फाशाच्या फाऊलचा नियम त्याच काळातला. एकदा मांजरीकराचा फासा घरंगळत कॅरमच्या पॉकेटात गेला. कॅरममध्ये स्ट्रायकर पॉकेटात गेला की फाऊल, डाव जातो आणि वर मिळवलेली एक सोंगटी परत ठेवावी लागते, हे पोराटोरांना माहीत असतं. बोर्ड कॅरमचा आहे म्हटल्यावर नियमही तोच, असं वकील म्हणाला. फासा पॉकेटात गेला की फाऊल, आकडा काही का असेना, आणि मिळवलेली एक वस्तू परत. या वेळी मतदान तीनास एक झालं. आम्हा दोघींनाही गंमत वाटली होती. मांजरीकराची आवडती तलवार गेली. त्यानं तलवार म्हणून लिहिलेल्या कागदाची घडी घालून माझ्यापुढे सरकवली.

मग दहावीच्या वर्षाच्या आधीच्या एप्रिलमध्ये मैत्रिणीच्या वडिलांची बदली जबलपूरला झाली. महिनाअखेरीला त्यांना क्वार्टर सोडायचं होतं. तिनं मला हे जिन्यात सांगितलं आणि लगेच विचारलं, “दारापर्यंत पोचू ना गं आपण?”

ते दार म्हणजे गोष्टीचा शेवट. गोष्ट अशी होती, की एका मुलखातली साधी माणसं एकेक करून नाहीशी होत होती, आणि दूर डोंगराच्या पोटात एक दार होतं. इतकंच त्या तिघांना माहीत होतं. नाहीशी होणारी माणसं कोण, हे कुणी नीट बघितलंच नव्हतं. ती माणसं म्हणजे मैत्रीण ज्यांच्याशी बोलली होती ती. धर्मशाळेतली म्हातारी, पहारेकरी, विहिरीवरची बाई. ती कुणाशी बोलून पुढे गेली की मागे ते माणूस नाहीसं व्हायचं, आणि दाराआड जाऊन बसायचं. आत काही राक्षस नव्हता. एक लांबलचक ओटा होता, चूल होती, आणि ही सगळी माणसं तिची वाट बघत, तिच्यासाठी जागा राखून बसली होती. तिनं दार उघडायचं आणि एकेकानं तिला नावानं हाक मारायची. मला ते तिला द्यायचं होतं. जाण्याआधी तिला कळायला हवं होतं की तिचं ते सगळं बोलणं फुकट गेलं नाही. माझ्याकडे तिला देण्यासारखं दुसरं काय होतं?

त्या महिन्यात मी जिवाचा आटापिटा केला. वकिलाच्या घरी जाऊन त्याला विनवलं की बाबा रे, एवढे थोडे रविवार हरकती नकोत. तो म्हणाला, “गैरवाजवी हरकत मी कधी घेतच नाही.” मांजरीकराला त्याच्या वाट्याच्या दोन मोठ्या लढाया आधीच देऊन टाकल्या. वाद झालेच, पण आम्ही सरकलो. शेवटच्या रविवारी, खाली त्यांचं सामान दोऱ्यांनी बांधून ठेवलेलं होतं तेव्हा, आम्ही दारासमोर उभे होतो.

“कडी गंजलीये,” मी म्हटलं. “जोर लावावा लागेल. पंधराच्या वर आकडा पाहिजे. कोण उघडतंय?”

“मी,” ती म्हणाली. तिनं निळा फासा मुठीत घेऊन त्यावर फुंकर मारली आणि टाकला. तो चौकटीला लागला, वळला, आणि सावकाश कोपऱ्यातल्या पॉकेटात गेला.

आम्ही चौघंही खाली वाकलो. जाळीत फासा अडकला होता आणि वरच्या बाजूला सतरा दिसत होता.

“सतरा!” ती म्हणाली.

“फाऊल,” वकील म्हणाला.

मी म्हटलं, आकडा स्पष्ट दिसतोय. तो म्हणाला, आकडा काही का असेना असं आपण ठरवलंय. मी म्हटलं, अरे, ती बुधवारी चाललीये. तो म्हणाला, त्याचा नियमाशी संबंध काय? त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा अजिबात नव्हता. तसा असता तर मला सोपं गेलं असतं. मी मांजरीकराकडे वळले. तो पोरगा मनानं मऊ, तिच्यासाठी तो हात खाली ठेवेल अशी माझी खात्री होती.

“माझी तलवार गेली तवा तुमी दोघींनी बी हात वर केला व्हता,” तो खाली बघत म्हणाला, आणि त्यानं हात वर केला.

दोनास दोन.

“विषय तहकूब,” वकील म्हणाला. “पुढच्या रविवारी.”

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण बोर्ड उलटा पडला होता आणि मी ओरडत होते, कुजबुजत नव्हे, चांगली मोठ्यानं. आतून बाबा आले. बनियनवर, डोळे लाल.

“काय चाललंय?”

“काका, मतदान,” वकील नम्रपणे म्हणाला.

“बाबा, तुम्ही मत द्या,” मी म्हटलं. मला हुंदके येत होते. “दार उघडलं असं म्हणा. एवढंच म्हणा.”

“कुठलं दार?” बाबांनी मागे वळून आमच्या घराच्या दाराकडे पाहिलं. ते उघडंच होतं.

“खेळत नसलेल्यांना मत नसतं, काका,” वकील म्हणाला.

“मग झोपू द्या की खेळत नसलेल्यांना,” बाबा म्हणाले आणि आत गेले.

मैत्रीण उठली. तिनं उलट्या बोर्डाच्या जाळीत अडकून राहिलेला फासा काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, “राहू दे गं. आईला सामान बांधायला मदत करायचीये.” ती रडली नाही. नावाड्यासाठी रडली होती, या वेळी नाही.

बुधवारी ट्रक आला. मी खाली गेले तेव्हा ती पुढच्या सीटवर मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन बसली होती. मी म्हटलं, “सांगू तुला? आत काय आहे ते सांगून टाकते.”

“नको,” ती घाईघाईनं म्हणाली. “मला उघडायचंय. दिवाळीत येऊ आम्ही, तेव्हा खेळू.”

दिवाळीत कुणी आलं नाही. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मात्र दारावर टकटक झाली आणि वकील उभा होता, भांग पाडून. “तहकूब विषय घ्यायचाय ना?” म्हणाला. मी त्याच्या तोंडावर दार लावलं. आमचा खेळ तिथे संपला. मांजरीकर ऊस मात्र सोमवारी आणत राहिला, दहावी होऊन परत गावी जाईपर्यंत.

पुढे कितीतरी वर्षांनी, हातात फोन आले तेव्हा, कुणाकुणाला विचारत मी तिचा नंबर मिळवला. ती खूप आनंदली. मुलांचे फोटो पाठवले, घराचे पाठवले. चांगली बोललो आम्ही. बोलण्याच्या ओघात मी म्हटलं, “ते दार आठवतं का गं?”

“कुठलं दार?”

मी खेळाची आठवण करून दिली. कॅरम बोर्ड तिला आठवला. आईचा चहा आठवला. “आपण कसला तरी खेळ खेळायचो ना, फाशांचा,” ती म्हणाली. “ती मुलं किती भांडायची!” मग कुकरची शिट्टी झाली म्हणून तिनं फोन ठेवला. मी तशीच बसून राहिले. तिचा काही दोष नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. सांगून झालं की वाईट वाटायचं ते वाटतंच.

मागच्या वर्षी मी डोळे तपासायला गेले होते. बाहुल्या मोठ्या व्हायचं औषध घातलं आणि डोळे मिटून बसा म्हणाले. तर काउंटरवर कुणीतरी रिसेप्शनच्या मुलीशी हुज्जत घालत होतं. नंबर आधी घेतला त्याचा आधी, की औषध आधी घातलं त्याचा आधी? हे कुणी ठरवलं? कुठे लिहिलंय? मला डोळे उघडायची गरजच पडली नाही.

औषध घालून त्यालाही माझ्या शेजारीच बसवलं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, “सतरा पडला होता.”

“हो.”

“फाऊलच होता पण.”

तो वकील झालेला नाही. विम्याच्या कुठल्याशा ऑफिसात आहे, आता निवृत्तीला आलाय. त्याला सगळं आठवत होतं. ढालीचं वजन, घोड्याची उडी, म्हातारीचे गुडघेसुद्धा, ज्यांच्यावर त्यानं जांभया दिल्या होत्या. अख्ख्या जगात हे सगळं आठवणारा माणूस निघाला तो हा. माझं नशीब म्हणायचं, दुसरं काय. डोळे मिटलेलेच ठेवून त्यानं विचारलं, “आत होतं काय पण?”

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. ओटा, चूल, म्हातारी, पहारेकरी, विहिरीवरची बाई, आणि दाराशी पहिला बसलेला नावाडी, आज्याच्या होडीची गोष्ट पुरी करायला थांबलेला. त्यानं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग म्हणाला, “नावाडी कसा असेल? त्याला तर मारलं होतं.”

“मारलं नव्हतं. विषय तहकूब होता.”

“हो की,” तो हळूच म्हणाला. “तो राहिलाच.”

शेजारची खुर्ची करकरली, तो सरसावून बसला.

“घेऊन टाकू मग,” तो म्हणाला. “नावाडी जिवंत म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

मी हात वर केला. मिटल्या डोळ्यांनी त्याची वाट बघत राहिले. मनात म्हणत होते, कर रे, एकदा तरी कर.

“मेला म्हणणाऱ्यांनी,” तो म्हणाला, आणि त्याच्या शर्टाची बाही माझ्या कोपराला घासून वर गेली.

“काका, काकू,” रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “हात कशाला वर केलेत? नंबर आला की मी हाक मारीन ना.”